कुत्रे कोणाचे?

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्याकडे उटण्याचा वास दरवळत असतो, बंबाखाली तुऱ्हाट्या पेटलेल्या असतात, आणि पहिला फटाका उडाला की गल्लीतले कुत्रे शेपूट पायांत घालून कोणाच्या तरी बैलगाडीखाली जाऊन बसते. ते दुपारपर्यंत बाहेर येत नाही. त्याच दिवशी नेपाळात मात्र कुत्र्याच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि त्याच्यापुढे गोडधोड ठेवतात. ‘कुकुर तिहार’ म्हणतात त्या सणाला. आपण वसुबारसेला गाय-वासरू पूजतो, पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावतो, नागपंचमीला नागालाही दूध दाखवतो. कुत्र्यासाठी आपल्या पंचांगात दिवस राखलेला नाही. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पायांशी बसलेली असतात खरी, पण ती वेद म्हणून बसतात!

असे असूनही कुत्र्याविषयी आपण निर्दय आहोत असे कोणी म्हणू शकणार नाही. आपले महाभारत एका कुत्र्यापासून सुरू होते आणि एका कुत्र्यापाशी येऊन संपते. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञमंडपात आलेल्या कुत्र्याला राजाचे भाऊ विनाकारण बडवतात, आणि त्याची आई सरमा राजाला जाब विचारते की माझ्या पोराचा अपराध काय? पुढे महाप्रस्थानात युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गाच्या रथात चढायला नकार देतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर शाळेच्या पुस्तकांतूनही आपल्याला भेटले. वैश्वदेवात कुत्र्याचा घास काढून ठेवण्याची रीत होती. दयेचा साठा आपल्याकडे कधी कमी पडलेला नाही. घास घातल्यानंतर त्या कुत्र्याचे पुढे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. त्याची पिल्ले कोणी पाहायची? ते पिसाळले तर जबाबदार कोण? ‘कुत्रे गावाचे’ असे आपण म्हणतो, आणि गावाचे म्हणजे कोणाचेच नव्हे, हा त्यातला गर्भितार्थ सर्वांना ठाऊक असतो.

या प्रश्नाचा इतिहास पाहू लागले म्हणजे १८३२ सालच्या मुंबईत जाऊन पोचावे लागते. अर्ल ऑफ क्लेअर हे तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते आणि राज्य कंपनी सरकारचे होते. शहरात मोकाट कुत्री फार झाली म्हणून १८१३ पासूनच वर्षातील काही ठराविक दिवस ती मारण्याची मुभा सरकारने दिलेली होती. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम असे. १८३२ साली ही मारण्याची मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवण्यात आली. आता आठ आणे म्हणजे त्या काळी काही थोडी रक्कम नव्हे. इनामाच्या लोभाने शिपाई मोकाट कुत्री कोणती आणि पाळीव कोणती हे पाहीनासे झाले. घरांच्या आवारात शिरून कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी होऊ लागल्या. सरकारी योजनेला डोक्यामागे बक्षीस लावले की ती कोणत्या वाटेने जाते, याचा हा जुना नमुना आहे.

६ जून रोजी फोर्ट भागात ही कत्तल चालू असता पारशी लोकांचा जमाव संतापला. तो दिवस त्यांच्यापैकी अनेकांना पवित्र होता. जमावाने दोघा गोऱ्या कॉन्स्टेबलांना चोपले. दुसऱ्या दिवशी सगळा बाजार बंद झाला. पारशांबरोबर जैन आले, वैष्णव हिंदू आले, इस्माइली मुसलमानही आले. दुकाने बंद, वाहने बंद, कुलाब्याच्या छावणीतील सोल्जरांना पाव आणि मांस पोचेना. अखेर सैन्य बोलावून रस्ते मोकळे करावे लागले, धरपकड झाली आणि पुढे खटलेही चालले. गांधीजींचा जन्म व्हायला अजून सदतीस वर्षे अवकाश होता, आणि मुंबईने एक कडकडीत हरताळ पाळला होता, तोही कुत्र्यांसाठी!

इतिहासकार सांगतात की या दंग्याच्या पोटात नुसती कुत्री नव्हती. व्यापारी वर्गाचा कंपनी सरकारवरील इतरही रोष त्यात मिसळलेला होता. ते खरेच असेल. माणसे एकाच कारणासाठी रस्त्यावर उतरतात थोडीच! पण ठिणगी पडली ती कुत्र्यावरूनच, हे कोणी नाकारीत नाही.

पारशांना कुत्र्याचे एवढे काय, असे आपल्या वाचकांपैकी काहींना वाटेल. त्यांच्या धर्मात मृताच्या देहाला कुत्र्याची नजर पडावी लागते. ‘सगदीद’ म्हणतात त्या विधीला. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांच्या ‘वेंदिदाद’ या धर्मग्रंथातील एक तरतूद. गाभण कुत्री रस्त्याकडेला किंवा गोठ्याजवळ येऊन बसली, तर तिला सांभाळायचे कोणी, असा प्रश्न त्या ग्रंथात विचारला आहे. उत्तर असे की ज्याचे घर तिला सर्वांत जवळ असेल त्याने. किती दिवस? पिल्ले स्वतःचे स्वतः निभावू लागेपर्यंत, म्हणजे सहा महिने. त्याच ठिकाणी कुत्र्याला दात दुखावतील अशी कठीण हाडे किंवा जीभ पोळेल असे कढत अन्न घालणे हे पाप सांगितले आहे. ज्या काळी कसलीही नगरपालिका नव्हती त्या काळचा हा कायदा आहे! त्यात पूजा नाही की माळ नाही. फक्त घर कोणाचे जवळ आणि मुदत किती, एवढेच विचारले आहे. मी तरी दुसऱ्या कोणत्या धर्मग्रंथात इतकी रोकडी गोष्ट वाचलेली नाही.

दंगा शमल्यावर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली. कुत्री मारू नका, वाटल्यास शहराबाहेर नेऊन सोडा, असे लोकांचे म्हणणे होते. त्यातूनच १८३४ साली जमशेटजी आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचे पांजरापोळ उभे केले. आजही ते भुलेश्वराजवळ आहे. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने लागा बसवून घेतला, आणि त्या मालात कापूसही होता. आमच्या खामगावला १८७० साली रेल्वे आली, लॉर्ड मेयोने स्वतः येऊन ती सुरू केली, ती वऱ्हाडचा कापूस मुंबईला जावा म्हणून. तेव्हा त्या गठ्ठ्यांपैकी एखाद्याच्या लाग्यातून मुंबईच्या एखाद्या लंगड्या कुत्र्याला भाकरी मिळालीच नसेल असे कोणी सांगावे? पुढे १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी मंडळी स्थापन झाली, परळला दिनशा पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई जनावरांचे इस्पितळ निघाले आणि त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालय सुरू झाले. देशातील या प्रकारच्या अगदी पहिल्या संस्थांपैकी या होत.

पांजरापोळ ही थोर कल्पना होती यात शंका नाही. तथापि तिच्यात एक उणीव राहून गेली. पांजरापोळ म्हणजे दयेची पेढी. पैसा भरला, पुण्य जमा झाले, जनावर दृष्टीआड झाले. एका कुत्रीला साधारण त्रेसष्ट दिवसांत पिल्ले होतात, आणि वर्षातून दोन वेळा ती माजावर येते. हा गुणाकार कोणत्याही पेढीच्या व्याजाने भागणारा नाही. मारणाऱ्याचा हात धरला गेला, पण जन्माचा हिशेब कोणी मांडला नाही.

शहराबाहेर नेऊन सोडण्याचा उपाय किती दूर जाऊ शकतो याचे एक भीषण उदाहरण तुर्कस्तानात सापडते. १९१० साली इस्तंबूल शहराला युरोपियन वळण देण्याच्या भरात तेथील अधिकाऱ्यांनी हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातील एका ओसाड खडकाळ बेटावर नेऊन टाकली. तेथे पाणी नव्हते, अन्न नव्हते. त्यांचे विव्हळणे वाऱ्यावरून शहरापर्यंत ऐकू येई असे सांगतात. मारण्याचे पाप कोणाच्या हाताला लागले नाही, एवढेच!

याच्या उलट लंडनमध्ये मेरी टील्बी नावाच्या एका बाईने १८६० साली होलोवे भागात हरवलेल्या आणि टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी एक घर काढले. लोक हसले. गोरगरीब उपाशी असता कुत्र्यांना घर कसले, अशी टीका झाली. १८७१ साली ती संस्था बॅटरसी येथे गेली आणि ती अजून चालू आहे. तेथे कुत्रे आयुष्यभर पडून राहावे असा हेतू नव्हता. ते पुन्हा कोणाच्या तरी घरी जावे, असा होता. दत्तक घेणे ही कल्पना आपण माणसांच्या पोरांपुरती राखून ठेवली होती. ती जनावरांनाही लावता येते हे बॅटरसीने दाखवले.

आता दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा लेख नुसत्या कनवाळूपणाचा होईल. कुत्र्याच्या दातांतून मरण येते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो जगला. आपल्या देशात १९०० साली कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली, आणि कुत्रा चावलेली माणसे दूरदूरहून आगगाडीने त्या थंड डोंगरावर जात. पुढे तेथेच सेंपल यांनी तयार केलेली लस देशभर पसरली. पोटात चौदा इंजेक्शने, ही आमच्या आधीच्या पिढीची दहशत, ती याच लशीची. ती २००४ च्या अखेरीपर्यंत चालू होती. आता दंडात घ्यावयाच्या मोजक्या सुया असतात. तरीही खेड्यात अजून जखमेवर चुना किंवा तिखट भरणारे लोक मी पाहिले आहेत. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे मी दर वर्षी वर्गात सांगतो. इतिहासाच्या तासालाच सांगतो. पाश्चरच्या धड्याला ते जोडून घेता येते.

या भीतीपोटीच स्वातंत्र्यानंतरही कुत्री मारणे थांबले नाही. मोठ्या शहरांत विजेच्या पेटीत, लहान गावांत कुचल्याच्या गोळ्या घालून. आमच्या जिल्ह्यातील एका गावी मी लहान असताना एका पहाटे शाळेच्या वाटेवर सात कुत्री आखडून पडलेली पाहिली होती. त्यांतले एक आमच्या गल्लीचे होते. त्याच्या तोंडाला फेस होता आणि शेपटीचे टोक हलत होते. मोठ्या माणसांनी आम्हाला दुसऱ्या रस्त्याने शाळेत पाठवले. आणि पुढच्या दिवाळीपर्यंत गल्लीत पुन्हा तितकीच कुत्री झालेली होती. त्यांना लस टोचलेली नव्हती, आणि गल्लीतल्या पोरांची त्यांची ओळखही नव्हती. मारून मोकळी झालेली जागा रिकामी राहत नाही, शेजारची कुत्री येऊन ती भरतात. ही गोष्ट शास्त्रज्ञांनी पुढे कागदावर मांडली; आमच्या गल्लीने ती आधीच पाहिली होती.

या चक्राला पहिला छेद दिला मद्रासने. तेथील ब्लू क्रॉस या संस्थेने १९६४ पासून कुत्र्यांची नसबंदी करून त्यांना पुन्हा त्यांच्या जागी सोडण्याचा आग्रह धरला. महापालिकेला ते पटायला १९९६ उजाडले. बत्तीस वर्षे! मुंबईत १९८५ साली ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था निघाली. १९९४ च्या सुमारास महापालिकेने मारणे बंद केले आणि नसबंदीचे काम अशा संस्थांच्या हाती आले. १९९८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलीऐवजी नसबंदी हाच मार्ग घालून दिला, आणि २००१ साली केंद्र सरकारने सगळ्या देशासाठी तसे नियम केले. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटीशी खूण करतात. रस्त्यावर असे कान कातरलेले कुत्रे दिसले तर ते कोणी मारून जखमी केलेले नाही. कोणीतरी त्याचा विचार केला होता, असे समजावे. अर्थात कागदावरचे नियम आणि गावातले कुत्रे यांची गाठ क्वचितच पडते. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख मोकाट कुत्री निघाली.

पण जेथे मनावर घेतले तेथे फळ आले. आपल्या शेजारच्या गोव्यात २०१४ साली पंधरा माणसे या रोगाने दगावली होती. त्या वर्षापासून ‘मिशन रेबीज’ या संस्थेने सरकारबरोबर वाडोवाडी फिरून, जाळीत पकडून, कुत्र्यांना लस टोचायला घेतली. शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याशी वागायचे कसे ते शिकवले. २०१८ साली तेथे एकही मनुष्य दगावला नाही. भूतान तर त्याहून पुढे गेले. २००९ साली आरंभ करून २०२३ साली, दीड लाखांहून अधिक कुत्र्यांवर शस्त्रक्रिया केल्यावर, देशातील एकूण एक मोकाट कुत्र्याची नसबंदी पूर्ण झाल्याचे त्यांनी जाहीर केले. लहान देश आहे, हे खरे. पण आपला जिल्हाही लहानच आहे की!

आमच्याकडे नसबंदीचे नाव काढले की पहिली हरकत येते ती पापाची. जनावराचे आईपण हिरावून घेणे बरे नव्हे, असे अगदी सज्जन माणसे म्हणतात. शाळेतल्या कुत्रीच्या वेळी हा वाद मी पालकसभेत ऐकला आहे. मी अशोकाच्या शिलालेखांचा आधार काढणार होतो. त्याने माणसांबरोबर जनावरांच्याही औषधपाण्याची सोय केली होती. पण त्याच्याच दुसऱ्या एका लेखात ठराविक तिथींना बैल आणि बोकड खच्ची करू नयेत अशी आज्ञा आहे हे आठवले, आणि मी घाबरून गप्प बसलो. तेवढ्यात मागून एक म्हातारे शेतकरी उठले आणि म्हणाले, “मास्तर, आपन बैल ठेचतो तवा पाप नाही लागत, अन् कुत्रीले टाके घातले का लागते व्हय?” सभा हसली आणि ठराव पास झाला. अशोकाची आज्ञा ठराविक तिथींपुरतीच होती, म्हणजे इतर दिवशी हे काम चालतच होते, हे मला घरी गेल्यावर सुचले.

ती कुत्री म्हणजे चांदी. शाळेच्या खिचडीच्या खोलीमागे तिची वीण दर सहा महिन्यांनी होई, आणि मुले पिल्ले घरी नेत. नेत म्हणजे नर नेत. चार पिल्लांत दोन नर असले तर ते आठवड्यात जात, आणि मादी पिल्ले तिथेच राहत. “कुत्री नको सर, ती पिल्लं घालते,” असे सहावीतल्या मुलीसुद्धा मला सांगत, आणि त्या असे सांगत असताना मला ऐकवत नसे. मग ती राहिलेली पिल्ले कोणी पोत्यात घालून नदीकाठी सोडी, कोणी बाजाराच्या गावी. इस्तंबूलच्या बेटाला फार लांब जायला नको! तालुक्याच्या डॉक्टरांनी चांदीची शस्त्रक्रिया केली, मुलांनी तिच्या टाक्यांवर पंधरा दिवस पहारा केला. शेवटच्या विणीतल्या दोन मादी पिल्लांवरही वयात आल्यावर शस्त्रक्रिया करून देण्याचे डॉक्टरांनी कबूल केले, आणि मग त्याही घरोघर गेल्या. हरकत मादीला नव्हती, पिल्लांना होती.

यानंतर २०२५ साल आले. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासची सगळी मोकाट कुत्री निवाऱ्यांत नेऊन ठेवण्याचा हुकूम दिला. २२ ऑगस्टला त्यात बदल करून, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून बाकीची लस टोचून, नसबंदी करून परत जागेवर सोडावी असे सांगितले. ७ नोव्हेंबरला आणखी आदेश झाला की शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणची कुत्री हलवावीत, आणि ती तिथे परत सोडू नयेत. मुलांच्या जिवाची काळजी त्यामागे होती, आणि चावा घेतलेले पोर ज्याने पाहिले आहे त्याला ती खोटी वाटणार नाही. मलाही वाटली नाही. पण चांदीचे काय करायचे? निवारा आमच्या तालुक्यात नव्हता. पांजरापोळ मुंबईला, आणि तेही १८३४ चे.

वर्गात मी वेंदिदादची गोष्ट सांगितली. सर्वांत जवळचे घर कोणाचे, एवढेच त्या ग्रंथाने विचारले होते, असे म्हणालो. मुलांनी लगेच सुतळी आणली. खिचडीच्या खोलीच्या मागल्या भिंतीपासून चारी बाजूंना मोजमाप झाले, आणि कुंपणाला लागून असलेले एका एकट्या राहणाऱ्या म्हातारीचे घर सतरा पावलांवर निघाले. मुलांची वरात तिच्या दारी गेली तेव्हा ती वाती वळत होती. तिने सगळे ऐकून घेतले, चांदीचा कातरलेला कान हातात धरून पाहिला आणि विचारले, “रात्री भुंकते का हे?” भुंकते, असे मुलांनी भीत भीत सांगितले. “मंग राहू द्या,” ती म्हणाली. “एकटीले बरं पडते.”